दुरुस्तीचीही परीक्षा हवी

१९ जुलै २०२४ हा दिवस आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्या दिवशी जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून एकाएकी बंद पडले. विमाने जमिनीवर खोळंबली, इस्पितळांतील आणि बँकांतील कामे अडली, आणि हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. एवढ्या मोठ्या अनर्थाचे मूळ शोधू जाता जे हाती लागले, ते फारच लहान होते. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक प्रोग्रामला नव्या नियमांची एक फाईल पाठविण्यात आली होती. त्या नियमांना २१ रकाने अपेक्षित होते. प्रोग्रामने भरून दिलेले रकाने मात्र वीसच होते. नसलेला एकविसावा रकाना वाचावयास तो प्रोग्राम गेला आणि कोसळला. आणि कोसळताना सबंध यंत्राला बरोबर घेऊन कोसळला.

एका रकान्याच्या चुकीने सारे यंत्र का बंद पडावे, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, तो प्रोग्राम संगणकाच्या गाभ्यात ड्रायव्हर म्हणून बसविलेला होता. ड्रायव्हर म्हणजे काय, त्यात चुका का होतात, आणि त्या चुकांवर कोणी दुरुस्ती सुचविली तर ती स्वीकारण्यापूर्वी कशी पारखून घ्यावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. चूक झाल्यावर आपण दुरुस्तीची घाई करतो. परंतु दुरुस्तीचीही परीक्षा घ्यावी लागते, हे बहुधा विसरतो.

संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम नावाचा एक मूळ प्रोग्राम असतो. इतर सर्व प्रोग्रामांना जागा, वेळ आणि साधने वाटून देणे हे त्याचे काम. परंतु कीबोर्ड, छपाईयंत्र, नेटवर्क कार्ड, कॅमेरा ही जी निरनिराळी उपकरणे यंत्राला जोडलेली असतात, त्यांची भाषा त्याला येत नाही. प्रत्येक उपकरणाची बोली वेगळी. एखाद्या कार्डाला अमुक पत्त्यावर अमुक आकडा लिहिला की ते सुरू होते. दुसऱ्याला त्याच आकड्याने झोप लागते. यास्तव प्रत्येक उपकरणासाठी एक दुभाषी नेमावा लागतो. तोच ड्रायव्हर.

आता साधा प्रोग्राम हा वाड्यातील भाडेकरूसारखा असतो. त्याच्या खोलीत दिवा पडला तर नुकसान बहुतेक त्याच्याच खोलीचे होते. ड्रायव्हर हा मात्र साऱ्या वाड्याच्या किल्ल्या कनवटीला असलेला कारभारी आहे. तो बहुधा ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्येच, वावरतो. त्याने चुकीचे दार उघडले, तर त्याला अडविणारे वर कोणी नसते. म्हणून त्याची लहान चूकही साऱ्या यंत्राला भोवते.

शिवाय चुका होण्याचा संभवही तेथेच अधिक. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची तपासणी केली, तेव्हा ड्रायव्हरांमधील चुकांचे प्रमाण कर्नेलच्या इतर भागांपेक्षा तीनपासून सातपटीपर्यंत अधिक असल्याचे त्यांना आढळले. कारणे उघड आहेत. कर्नेलचा मध्यवर्ती भाग प्रत्येक यंत्रावर अहोरात्र राबतो, त्यामुळे त्यातील उणिवा लवकर उघडकीस येतात. उलट एखाद्या विशिष्ट कार्डाचा ड्रायव्हर ज्यांच्याजवळ ते कार्ड आहे त्यांच्याकडेच चालणार, आणि त्यातही कार्ड बिघडले असता काय करावयाचे हा त्याचा भाग तर वर्षानुवर्षे चाललेलाच नसतो.

लिनक्स हे नाव आपल्याला परके वाटू नये. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा आरंभ केला. आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन त्याच्याच कर्नेलवर चालतो. त्याचा सारा कोड कोणालाही वाचता येतो, आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचाच आहे. तो वाचून कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. अशा सुचविलेल्या दुरुस्तीला पॅच, म्हणजे ठिगळ, असे सार्थ नाव आहे. ती सरळ मूळ कोडात जात नाही. त्या त्या ड्रायव्हराची जबाबदारी घेतलेले जाणते लोक ती ओळीगणिक वाचतात, शंका विचारतात, परत पाठवितात, आणि समाधान झाल्यावरच पुढे धाडतात.

हे परीक्षण कसे चालते, हे एका कल्पित पण नित्याच्या उदाहरणाने पाहू. एक नेटवर्क कार्ड आहे असे समजा. बाहेरून संदेश आला की ते तो परस्पर मेमरीत नेऊन ठेवते आणि प्रोसेसरला घंटा वाजवून कळविते. या घंटेला इंटरप्ट म्हणतात. घंटा वाजली की ड्रायव्हरचा एक ठराविक भाग धावून येतो. त्या भागाजवळ एक चिठ्ठी असते. संदेश मेमरीत कोणत्या पत्त्यावर ठेवला आहे, ते तिच्यावर लिहिलेले असते. तक्रार अशी येते की, कार्ड बंद करतेवेळी शंभरात एखाद्या वेळी सारे यंत्रच कोसळते. शोध घेणाऱ्यास दिसते की, त्या क्षणी चिठ्ठी कोरी होती. कोऱ्या चिठ्ठीवरचा पत्ता वाचावयास गेल्यामुळे प्रोग्राम कोसळला.

तो गृहस्थ दोन ओळींची दुरुस्ती पाठवितो. चिठ्ठी वापरण्यापूर्वी ती कोरी आहे काय ते पाहावे, आणि कोरी असल्यास काही न करता परत फिरावे. त्याने दिवसभर चाचणी घेतली; यंत्र एकदाही कोसळले नाही. दुरुस्ती लहान आहे, समजण्यास सोपी आहे, आणि गुणही आलेला दिसतो. मग ती स्वीकारावयास हरकत कोणती?

अनुभवी परीक्षक येथे एकच प्रश्न विचारतो. चिठ्ठी कोरी झालीच का?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागताच दोषाचे खरे स्वरूप उलगडते. कार्ड बंद करणारा ड्रायव्हरचा दुसरा एक भाग आहे. तो मेमरी मोकळी करतो, चिठ्ठी पुसतो, आणि त्यानंतर कार्डाला थांबण्याची आज्ञा देतो. म्हणजे चिठ्ठी पुसली गेली तरी कार्ड घंटा वाजवीतच असते. आजच्या यंत्रांत अनेक प्रोसेसर एकाच वेळी चालतात. एकावर घंटेला उत्तर देणारा भाग चालू असताना दुसऱ्यावर बंद करणारा भाग चालू असू शकतो. आता त्या दोन ओळींकडे पुन्हा पाहा. पहिल्याने चिठ्ठी तपासली, ती भरलेली आढळली. तो ती वापरणार इतक्यात दुसऱ्याने ती पुसली. तपासणे आणि वापरणे या दोहोंमधील फट अजून उघडीच आहे. ती अरुंद झाली एवढेच.

याचा परिणाम काय होतो? पूर्वी शंभरात एकदा होणारा अपघात आता कदाचित लाखात एकदा होईल. वरवर पाहता ही सुधारणा वाटेल. तथापि शंभरात एकदा येणारा दोष कार्यशाळेतच सापडतो. लाखात एकदा येणारा दोष सापडतो तो एखाद्या इस्पितळात, किंवा रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीवर. दोष गेला नाही. तो केवळ दुर्मिळ झाला, आणि दुर्मिळ झाल्यामुळे अधिक दुष्ट झाला. त्याहूनही गंभीर गोष्ट अशी की, कार्ड परस्पर मेमरीत लिहिते. आपण ती मेमरी मोकळी करून दुसऱ्या प्रोग्रामला देऊन टाकली, तरी कार्डाला त्याचा पत्ता नसतो. ते जुन्याच जागी, म्हणजे आता दुसऱ्याच्या घरात, सामान टाकीत राहते. चिठ्ठी तपासून या अतिक्रमणाला कसा आळा बसणार? आपल्याकडे म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ही दुरुस्ती त्या मासल्याची आहे.

खरा उपाय क्रम बदलण्याचा आहे. प्रथम कार्डाला सांगावयाचे की, घंटा वाजविणे आणि मेमरीत लिहिणे बंद कर. दुसरे, ती आज्ञा कार्डापर्यंत पोहोचली याची खात्री करून घ्यावयाची; कारण प्रोसेसरने लिहिलेली आज्ञा पुष्कळदा वाटेत रेंगाळते. पत्र पेटीत टाकले म्हणजे ते पोहोचले असे होत नाही, तसेच हे. म्हणून आज्ञा लिहिल्यावर त्याच कार्डावरून काहीतरी परत वाचून घेण्याची रीत आहे. वाचनाचे उत्तर आले म्हणजे आधीची आज्ञा पोहोचली असे समजावे. तिसरे, घंटेला उत्तर देण्यासाठी जो भाग आधीच आत गेलेला आहे, तो आपले काम आटोपून बाहेर पडेपर्यंत थांबावयाचे. आणि मग चौथ्या पायरीला मेमरी मोकळी करावयाची. दार बंद करावे, आतला शेवटचा माणूस बाहेर येऊ द्यावा, आणि मगच घर उतरवावे, इतके हे साधे तत्त्व आहे.

दुरुस्ती सुचविणारा हे मान्य करून दुसरा मसुदा पाठवितो. परीक्षक तोही त्याच बारकाईने वाचतो, आणि त्याला नवीनच अडचण दिसते. शेवटच्या माणसाची वाट पाहणारा भाग हातात एक कुलूप धरून बसला आहे, आणि आतल्या माणसाला बाहेर पडण्यासाठी तेच कुलूप हवे आहे. दोघेही एकमेकांसाठी थांबणार, आणि यंत्र जागच्या जागी गोठणार. मसुदा पुन्हा परत जातो. तिसऱ्या मसुद्यात वाट पाहण्यापूर्वी कुलूप सोडलेले असते, आणि मग तो स्वीकारला जातो. अशी दोन-तीन आवर्तने होणे यात कोणाचाही अपमान मानला जात नाही. किंबहुना पहिल्याच खेपेस, विनाप्रश्न स्वीकारलेल्या दुरुस्तीकडे जाणते लोक थोड्या संशयानेच पाहतात.

कोडाइतकेच महत्त्व दुरुस्तीसोबतच्या निवेदनाला असते. लोकांना काय त्रास झाला, तो कशामुळे झाला, आणि या बदलाने तो कसा नाहीसा होतो, या तिन्ही गोष्टी त्यात सांगाव्या लागतात. हा दोष पूर्वीच्या कोणत्या बदलामुळे शिरला, त्याचाही निर्देश करण्याची प्रथा आहे. २००४ सालापासून प्रत्येक दुरुस्तीखाली ती पाठविणाऱ्याने आपल्या नावाची सही करून, हे काम देण्याचा मला अधिकार आहे, अशी ग्वाही देण्याची पद्धतही पडली आहे. एका दुरुस्तीत एकच गोष्ट असावी, हाही दंडक आहे. दोष काढता काढता जाता जाता दोन नावे बदलली, चार ओळी नीटनेटक्या केल्या, असे चालत नाही. कारण अशा गर्दीत नवी चूक सहज लपते. आधीच लोकांच्या वापरात असलेल्या आवृत्तीत एखादी दुरुस्ती घालावयाची असेल, तर नियम आणखी कडक होतात. ती आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींहून मोठी नसावी, उघडउघड बरोबर असावी, आणि चाचणी घेतलेली असावी.

आता या सर्व शिस्तीची कसोटी पाहणारी एक खरी घटना सांगतो. २००८ सालच्या सप्टेंबर महिन्यात लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीची चाचणी चालू होती. ती आपल्या यंत्रावर चालवून पाहणाऱ्या काही लोकांची, इंटेल कंपनीने बनविलेली, नेटवर्कची जोडणी निकामी होऊ लागली. या उपकरणाची स्वतःची ओळख आणि मांडणी एका लहानशा कायम मेमरीत जपून ठेवलेली असते. तिच्यातील मजकूरच बिघडत होता. यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्याने जाणारा हा दोष नव्हता. उपकरण कायमचेच मुके होत होते. विश्वासाने चाचणीसाठी पुढे आलेल्या लोकांच्या यंत्रांची ही हानी होती. काही वितरकांनी तर आपल्या चाचणीच्या आवृत्त्यांतून त्या उपकरणाचा ड्रायव्हर तात्पुरता काढूनच टाकला.

संशय साहजिकच त्या ड्रायव्हरवर आला. त्याचे नाव ई१०००ई. त्याची कसून झडती घेण्यात आली, आणि झडतीत काही खरेखुरे दोषही सापडले. घंटेला उत्तर देताना ड्रायव्हराने कधीही झोप घेऊ नये असा कर्नेलचा नियम आहे. तो मोडला जात असल्याचे आढळले. हे दोष दुरुस्त करण्यात आले. त्याखेरीज त्या कायम मेमरीवर कोणालाच लिहिता येऊ नये, असे कुलूप घालणारी एक दुरुस्तीही स्वीकारण्यात आली. ९ ऑक्टोबर २००८ रोजी ती आवृत्ती प्रसिद्ध झाली. मेमरी सुरक्षित झाली होती.

येथे थांबणे किती सोपे होते! तक्रार मिटली होती, ड्रायव्हरात दोष सापडले होते, ते काढलेही होते. परंतु सापडलेल्या दोषांपैकी एकही त्या नुकसानीचा उलगडा करीत नव्हता. मेमरीवर लिहिले गेले होते हे खरे. पण लिहिले कोणी, हे अजून कळले नव्हते. कुलूप लावल्याने चोर पकडला गेला असे होत नाही. म्हणून शोध चालूच ठेवण्यात आला.

आणि खरा अपराधी निघाला तो भलतीकडेच. कर्नेलमध्ये कोणते काम केव्हा चालते याची नोंद ठेवणारे एफट्रेस नावाचे एक नवे साधन त्या आवृत्तीत घालण्यात आले होते. नेटवर्कशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. ते साधन कर्नेलमधील ठिकठिकाणचे पत्ते टिपून ठेवी, आणि पुढे त्या पत्त्यांवर जाऊन तेथील एक लहान सूचना बदली. त्या यादीत, काम संपल्यावर मोकळ्या केलेल्या मेमरीचे पत्तेही राहून गेले होते. मोकळी झालेली तीच जागा पुढे नेटवर्कच्या उपकरणाला मिळे. साधन आपल्या जुन्या यादीप्रमाणे तेथे जाई. जुनी सूचना जागेवर असेल तरच बदलावी, इतकी सावधगिरी त्याने बाळगलेली होती. पण तपासून बदलण्याची ही रीत साध्या मेमरीपुरती ठीक असली, तरी उपकरणाच्या दारावर ती निर्धोक नव्हती. घर बदलून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जुना गवळी दूध ओतून जावा, आणि तेथे आता कागदांची वखार असावी, तसा हा प्रकार झाला.

कारण कळताच एफट्रेसचा तो भाग बंद करणारी २.६.२७.१ ही आवृत्ती आठवड्याच्या आत काढण्यात आली, आणि पुढे त्या साधनाची रचनाच सुधारण्यात आली.

या घटनेतून निघणारा निष्कर्ष नीट समजून घेतला पाहिजे. कुलूप घालणारी दुरुस्ती चूक होती काय? मुळीच नाही. आग लागली असता आधी माणसे बाहेर काढावयाची असतात. ती दुरुस्ती आवश्यक होती आणि ती वेळेवर झाली. मात्र तिचे परीक्षण करणाऱ्यांनी तिला जे नाव दिले, ते महत्त्वाचे. तिला त्यांनी संरक्षण म्हटले, औषध म्हटले नाही. तिची नोंद रोग बरा झाला अशी केली असती, तर चौकशीची फाईल बंद झाली असती. मग ते साधन आज नेटवर्कच्या, तर उद्या आणखी कोणत्या उपकरणाच्या दारात जाऊन लिहीत राहिले असते, आणि प्रत्येक वेळी एखाद्या निरपराध ड्रायव्हराला सुळावर चढविले गेले असते. जेथे इजा झाली तेथेच अपराध झाला असे नसते.

परीक्षकाच्या वाट्याला यात फारसे श्रेय येत नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या कार्डाच्या दुरुस्तीवर तो मत देतो, ते कार्ड पुष्कळदा त्याने डोळ्यांनीही पाहिलेले नसते. त्याच्यापुढे असतो तो केवळ मजकूर, निर्मात्याची पुस्तिका आणि स्वतःचा अनुभव. त्याने अडविलेल्या चुका कोणाला दिसत नाहीत, कारण त्या घडतच नाहीत. उलट त्याच्या हातून निसटलेली एकच चूक साऱ्या जगाला दिसते. असे असूनही, हे काम करणारी माणसे रोज कोणाची ना कोणाची दुरुस्ती उघडून बसतात आणि तोच जुना प्रश्न विचारतात. दोष नाहीसा झाला हे दिसले. पण तो कशामुळे होता, आणि या बदलाने तो का जावा, हे तुला सांगता येते काय?

हा प्रश्न संगणकापुरता नाही. गळणाऱ्या छपरावर डांबर फासणारा गवंडी, मोटारीचा आवाज थांबविणारा मिस्त्री, जमाखर्चातील फरक एका आकड्याने जुळवून देणारा कारकून, या सर्वांना तो विचारता येईल. गळती थांबली, आवाज थांबला, हिशेब जुळला, एवढ्याने आपले समाधान होऊ नये. का थांबली आणि कसा जुळला, याचे सरळ उत्तर मिळेपर्यंत त्या दुरुस्तीला आपण तात्पुरती म्हणावे, आणि चौकशीचे दार उघडे ठेवावे.